छोट्या पडद्यावरची वितंडा

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर एक विचित्र राजकीय जाहिरात दाखवली गेली. सूट परिधान केलेला एक गृहस्थ बसला आहे. त्याच्या हातात चॉकलेट पुडिंगची छोटी डबी आहे, चमचा मात्र नाही. तो डबीत तीन बोटे घालतो, बरबटलेली बोटे चोखतो आणि पुन्हा डबीत घालतो. कॅमेरा त्याच्या ओठांवर आणि बोटांवर इतक्या जवळून रोखलेला आहे की, पाहणाऱ्याला शिसारी यावी. मागून निवेदकाचा आवाज येतो की, फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांना नको तेथे बोटे घालण्याची सवय आहे आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेतही त्यांनी तशीच बोटे घातली आहेत. शेवटी तो म्हणतो, या माणसाला कोणीतरी चमचा द्या!

जाहिरात काढली होती डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा देणाऱ्या एका प्रचारसंस्थेने. डिसँटिस यांनी तेव्हा उमेदवारी जाहीरसुद्धा केलेली नव्हती. विमानप्रवासात त्यांनी एकदा बोटांनी पुडिंग खाल्ल्याची बातमी मार्चमध्ये छापून आली होती. असे काही केल्याचे आपल्याला आठवत नाही, असे त्यांनी सांगितले होते. एवढ्या भांडवलावर ही चित्रफीत उभी राहिली.

आपण बोटांनी वरणभात कालवून खाणारे लोक. श्रीखंड संपल्यावर पाहुण्याने बोटे चाटली, तर यजमानीण सुखावते. त्यामुळे ही जाहिरात पाहताना मराठी माणसाचा पहिला प्रश्न, यात एवढे किळसवाणे काय, असाच असणार. पण काट्याचमच्याच्या संस्कारात वाढलेल्या डोळ्याला ते दृश्य ओंगळ वाटते आणि जाहिरातीचा सगळा भरवसा त्या ओंगळपणावर होता. सांगायची मुख्य गोष्ट होती निवृत्तीच्या वयाची. डिसँटिस यांनी प्रतिनिधिगृहाचे सदस्य असताना निवृत्तिवेतनाचे वय ७० पर्यंत वाढवण्याची सूचना असलेल्या अंदाजपत्रकी ठरावांच्या बाजूने मतदान केले होते. ते ठराव बंधनकारक नव्हते, संमतही झाले नाहीत. त्यांवर गंभीर चर्चा होऊ शकली असती. एखाद्या निवृत्त शिक्षकाला किंवा कारखान्यातल्या कामगाराला त्या चर्चेतून काही कळले असते. पण जाहिरात पाहून लोक हसले, त्यांनी नाके मुरडली, एकमेकांना ती दाखवली आणि लक्षात राहिले ते पुडिंग. निवृत्तिवेतन विस्मृतीत गेले.

अशा जाहिरातींविषयी बोलताना आपल्याकडचे सुशिक्षित सहसा दोन गोष्टी म्हणतात. एक, हा अमेरिकन थिल्लरपणा आहे. दोन, लोक आता शहाणे झाले आहेत, ते असल्या गोष्टींना हसून सोडून देतात. पहिल्या मुद्द्याकडे पुढे वळू. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे आणि तो अर्धसत्य आहे. लोक हसतात, हे खरे. परंतु हसणे ही एक क्रिया आहे आणि आरोप तपासणे ही अगदी निराळी क्रिया आहे. हसणाऱ्याला आपण जाहिरातीच्या कचाट्यातून सुटलो असे वाटते, आणि नेमक्या त्याच समाधानात तो आरोपाची शहानिशा करायची विसरून जातो.

आपल्या न्यायशास्त्राने या प्रकाराला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य जाणून घेण्यासाठी दोघांनी केलेली चर्चा म्हणजे वाद. केवळ जिंकण्यासाठी, शब्दच्छलासह केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करत सुटणे म्हणजे वितंडा. मराठीत 'वितंडवाद' हा शब्द आपण सर्रास आणि काहीसा सैलपणे वापरतो, पण त्याचा मूळ शास्त्रीय अर्थ आजच्या प्रचाराच्या जाहिरातीला चपखल लागू पडतो. तिच्यात प्रतिपक्षाविषयी सर्व काही असते. जाहिरात देणाऱ्याला सत्ता मिळाल्यावर तो काय करील, याविषयी चकार शब्द नसतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. याच न्यायशास्त्राने जल्प आणि वितंडा यांना सरसकट त्याज्य ठरवलेले नाही. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी भोवती काटेरी फांद्या लावाव्यात, तशी ही साधने तत्त्वनिर्णयाच्या रक्षणासाठी वापरावीत, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे कुंपण चालेल, पण आत अंकुर हवा. सत्तेवर असणाऱ्याचे दोष दाखवणे हा विरोधकाचा धर्मच आहे. ते दोष कोणी दाखवलेच नाहीत, तर मतदार निवड कशाच्या आधारावर करणार? जॉन गीअर या अमेरिकन अभ्यासकाने १९६० पासूनच्या अध्यक्षीय निवडणुकांतील जाहिराती तपासून २००६ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्याचे प्रतिपादन असे की, आत्मस्तुतीच्या जाहिरातींपेक्षा टीकेच्या जाहिरातींत धोरणविषयक माहिती आणि पुरावे अधिक असतात. हे पटण्यासारखे आहे. गोंडस बाळाला कडेवर घेतलेल्या उमेदवाराच्या छायाचित्रातून काहीच कळत नाही. टीका करणाऱ्याला निदान आरोपाला काही आधार दाखवावा लागतो.

मग ही विचित्रता येते कोठून? ज्याच्यापाशी आधार आहे, त्याला मेंढ्या, अस्वले आणि पुडिंग यांची गरज का पडावी?

याचे उत्तर शोधण्यासाठी १९६४ मध्ये जावे लागते. ७ सप्टेंबरच्या रात्री एनबीसी वाहिनीवर 'डेव्हिड अँड बाथशिबा' हा चित्रपट चालू असताना अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराची एक मिनिटाची जाहिरात लागली. एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या खुडत, चुकतमाकत अंक मोजत उभी आहे. तिचे मोजणे संपते आणि एका पुरुषाच्या कठोर आवाजातील उलटी गणती सुरू होते. कॅमेरा मुलीच्या डोळ्यात शिरतो. गणती शून्यावर येते आणि पडदाभर अणुस्फोटाचा ढग पसरतो. त्यानंतर जॉन्सन यांचा आवाज आणि मतदान करण्याचे आवाहन. पैसे मोजून ती जाहिरात एकदाच दाखवली गेली. लोकांनी व्हाइट हाऊसला दूरध्वनी करून संताप व्यक्त केला, रिपब्लिकन पक्षाने निषेध नोंदवला आणि बातमी म्हणून इतर वाहिन्यांनी ती जाहिरात पुन्हा फुकट दाखवली.

सर्वांत लक्षणीय गोष्ट ही की, तिच्यात प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नाव कोठेही नव्हते. ते युद्ध करतील, असा आरोपही नव्हता. अण्वस्त्रांविषयी त्यांनी केलेली बेफिकीर विधाने लोकांनी आधीच वाचली-ऐकली होती. पाकळ्या, स्फोट आणि गोल्डवॉटर यांची सांगड प्रेक्षकाने स्वतःच्याच मनात घातली. ही जाहिरात घडवण्यात टोनी श्वार्ट्झ या ध्वनितज्ज्ञाचा मोठा वाटा होता आणि पुढे १९७३ मध्ये त्याने आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. जाहिरातीने प्रेक्षकाच्या मनात नवे काही भरायचे नसते. तेथे आधीच जे साठलेले आहे, तेच झंकारून बाहेर काढायचे असते, असे त्याचे म्हणणे.

विचित्रतेचे मर्म येथे आहे. विधान केले की ते खरे की खोटे, असा प्रश्न विचारता येतो. फुलाच्या पाकळ्यांना हा प्रश्न कसा विचारणार? चित्र जितके चमत्कारिक, तितके ते आरोपाच्या जबाबदारीतून मोकळे. आम्ही कोणाचे नावच घेतले नाही, असे म्हणून निर्माता हात झटकू शकतो. (जॉन्सन त्या वेळी जनमताच्या चाचण्यांत कितीतरी पुढे होते. त्यांना ६१ टक्के मते मिळाली, ती एका मिनिटाच्या जाहिरातीमुळे मिळाली असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पण प्रचारतज्ज्ञांच्या पिढ्या ती चित्रफीत गुरुमंत्रासारखी पाहत आल्या, हे मात्र खरे.)

याच श्वार्ट्झने १९६८ मध्ये आणखी एक जाहिरात केली. रिचर्ड निक्सन यांनी उपाध्यक्षपदासाठी मेरीलँडचे गव्हर्नर स्पायरो अॅग्न्यू यांची निवड केली होती. ते राष्ट्रीय राजकारणात अपरिचित होते. जाहिरातीत दूरचित्रवाणी संचाचा पडदा दिसतो आणि त्यावर उपाध्यक्षपदासाठी अॅग्न्यू, एवढीच अक्षरे. मागे एक माणूस हसत सुटतो. हसता हसता त्याला ठसका लागतो, तरी हसणे थांबत नाही. शेवटी एक ओळ येते : ही गोष्ट गंभीर नसती, तर हसण्यासारखी होती. त्यात आरोप नाही, पुरावा नाही, माहिती नाही. केवळ हशा आहे.

पुढे काय झाले? निक्सन-अॅग्न्यू निवडून आले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अॅग्न्यू यांना पद सोडावे लागले. मेरीलँडमध्ये सत्तेवर असताना, आणि त्यानंतरही, त्यांनी कंत्राटदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप पुढे आले होते आणि करचुकवेगिरीच्या एका गुन्ह्यात त्यांनी न्यायालयात आरोपाला विरोध केला नाही. म्हणजे ज्या माणसाविषयी मतदाराला खरोखर काही सांगण्यासारखे होते, त्याच्याविषयी विरोधकांनी केवळ हसून दाखवले. खऱ्या दोषाचा शोध घेण्याचे कष्ट हशाने वाचवले. मला तरी हे उदाहरण साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलके वाटते.

आता ती मेंढी. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅलिफोर्नियात सेनेटच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन पक्षांतर्गत चुरस होती. कार्ली फिओरिना यांच्या प्रचारकांनी टॉम कॅम्पबेल यांच्याविरुद्ध साडेतीन मिनिटांच्या आसपासची एक चित्रफीत काढली. ती मुळात इंटरनेटसाठी होती, पण वृत्तवाहिन्यांनीच ती वारंवार दाखवल्यामुळे घराघरांत पोचली. हिरव्या कुरणावर मेंढ्या चरत आहेत, गंभीर आवाजात करांविषयी व खर्चाविषयी काहीबाही सांगितले जात आहे आणि एकाएकी मेंढीचे कातडे पांघरलेला, लाल चमकत्या डोळ्यांचा एक माणूस रांगत कळपात शिरतो. आपल्याकडे वाघाचे कातडे पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आहे. येथे मेंढीचे कातडे पांघरलेला कर वाढवणारा राजकारणी, असा आशय असावा. 'असावा' म्हणायचे कारण, पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कळणे कठीणच होते. अमेरिकेत लोक पोट धरून हसले, विडंबने निघाली, मेंढीचे चित्र जिकडेतिकडे झाले. फिओरिना जूनमध्ये उमेदवारी जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये बार्बरा बॉक्सर यांच्याकडून हरल्या. विजयाचे श्रेय मेंढीला देता येत नाही, पराजयाचे खापरही तिच्या माथी मारता येत नाही. कॅम्पबेल यांनी राज्याच्या अंदाजपत्रकात नेमके काय केले होते, हे मात्र त्या साडेतीन मिनिटांनंतर किती जणांना सांगता आले असते?

प्रेक्षक नुसता हसतोच असे नाही. कधी तो उठून उभाही राहतो. याचे उदाहरण अमेरिकेच्या शेजारच्या कॅनडातले आहे आणि ते सविस्तर सांगण्याजोगे आहे.

१९९३ च्या ऑक्टोबरात तेथे सार्वत्रिक निवडणूक होती. सत्तारूढ प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेत्या किम कॅम्पबेल या कॅनडाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. जून महिन्यातच त्या पदावर आल्या होत्या. समोर लिबरल पक्षाचे ज्याँ क्रेतियें. लहानपणीच्या आजारामुळे क्रेतियें यांच्या चेहऱ्याची एक बाजू अंशतः लुळी पडलेली होती. त्यामुळे बोलताना त्यांचे तोंड वाकडे होत असे. पराभव समोर दिसू लागल्यावर मतदानाला दोनेक आठवडे उरलेले असताना सत्तारूढ पक्षाने जाहिराती सोडल्या. पडद्यावर क्रेतियें यांच्या चेहऱ्याची जवळून घेतलेली, वाकडे तोंड ठळकपणे दाखवणारी छायाचित्रे आणि मागे सामान्य नागरिकांचे म्हणून ऐकवलेले आवाज. हा माणूस पंतप्रधान झाला तर मला तरी लाज वाटेल, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते.

पक्षाच्या कार्यालयांतील दूरध्वनी खणखणू लागले. संतापणाऱ्यांत विरोधी मतदार होतेच, परंतु पक्षाचे स्वतःचे समर्थक आणि खुद्द उमेदवारही होते. आम्ही चेहऱ्याविषयी बोललोच नव्हतो, धोरणांविषयी बोलत होतो, हे समर्थन कोणी ऐकून घेतले नाही. कॅम्पबेल यांनी जाहिराती लगोलग मागे घ्यायला लावल्या. क्रेतियें यांनी दिलेले उत्तर तर प्रत्येक प्रचारकाने अभ्यासावे असे आहे. देवाने मला हे व्यंग दिले आहे आणि मी ते स्वीकारले आहे, असे ते म्हणाले. तोंडाच्या एका बाजूने बोलतो खरा, पण त्या पक्षवाल्यांसारखा दोन्ही बाजूंनी बोलत नाही, हा त्यांचा टोलाही गाजला. आपण ज्याला दुतोंडी म्हणतो, तोच अर्थ.

२५ ऑक्टोबरला निकाल लागला. आधीच्या निवडणुकीत १६९ जागा जिंकणाऱ्या पक्षाला २९५ जणांच्या सभागृहात अवघ्या २ जागा मिळाल्या. स्वतः कॅम्पबेल व्हँकुव्हरमधून हरल्या. लिबरलांना १७७ जागा मिळाल्या. या उत्पाताचे कारण केवळ जाहिरात नव्हती. नव्या विक्रीकरावरील रोष, क्वीबेकमधील आणि पश्चिमेतील नव्या पक्षांनी फोडलेला जनाधार, ही मूळ कारणे होती आणि पक्ष त्यापूर्वीच घसरणीला लागला होता. तरीही वाकड्या तोंडाची ती छायाचित्रे त्या पराभवाची खूण होऊन बसली.

कॅनडातील प्रेक्षक जिंकला म्हणून प्रेक्षकाच्या विवेकबुद्धीवर सर्व सोपवून मोकळे व्हावे, असे वाटण्याचा मोह होतो. पण त्याआधी पाचच वर्षे, १९८८ मध्ये, अमेरिकेत काय घडले ते पाहावे. मायकेल डुकाकिस यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कैद्यांना काही काळ सुट्टीवर सोडण्याची योजना होती. हत्येच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणारा एक कृष्णवर्णीय कैदी सुट्टीवरून परतलाच नाही आणि त्याने पुढे बलात्कारासारखा भीषण गुन्हा केला. जॉर्ज बुश यांच्या बाजूच्या एका गटाने त्या कैद्याचे छायाचित्र पडद्यावर झळकवले. घटना खरी होती. योजना डुकाकिस यांच्या आधीच्या रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली होती, ही गोष्टही खरी होती, पण ती जाहिरातीत नव्हती. कैद्याचा चेहरा कृष्णवर्णीय असण्याने प्रेक्षकाच्या मनात जे झंकारले, त्याविषयी तर बोलायलाच नको. दूरध्वनी खणखणले नाहीत. डुकाकिस यांनी उत्तर द्यायला उशीर केला आणि ते हरले. बुश यांच्या प्रचाराचे सूत्रधार ली अॅटवॉटर यांनी १९९१ मध्ये मरणशय्येवर असताना त्या प्रचारातल्या क्रौर्याबद्दल डुकाकिस यांची माफी मागितली. मते मात्र केव्हाच मोजून झाली होती.

दोन्हींतला फरक कशात? क्रेतियें यांचे व्यंग पाहताना प्रत्येकाला आपला भाऊ, आपला मुलगा, शाळेत चिडवले गेलेले आपले बालपण आठवले असणार. कैद्याचा चेहरा पाहताना तसे कोणाचेच नाते जुळले नाही. म्हणजे प्रेक्षकाचा क्षोभ हा न्यायनिवाडा नसून जिव्हाळ्याचा उमाळा असतो. जेथे जिव्हाळा नाही, तेथे तोच सज्जन प्रेक्षक स्वस्थ बसून राहतो.

अभ्यासकांचेही या विषयावर एकमत नाही. अँसोलाबेहेअर आणि अय्यंगार या दोघांनी १९९५ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, टीकेच्या भडिमारामुळे मधला, कोणत्याच पक्षाचा नसलेला मतदार उबगून मतदानालाच जात नाही. २००७ मध्ये रिचर्ड लाऊ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनांचा एकत्र ताळेबंद मांडला. अशा जाहिराती लोकांच्या अधिक लक्षात राहतात, परंतु त्यांमुळे मते हमखास फिरतात किंवा मतदान घटते याला भक्कम आधार दिसत नाही, असे त्यांना आढळले. एक बाब मात्र त्यांनीही नोंदवली : राजकीय व्यवस्थेवरचा आणि शासनावरचा विश्वास अशा प्रचाराने काहीसा कमी होतो. पुडिंगची जाहिरात पाहून हसलेल्या माणसाला विचारा, राजकारणी कसे असतात? तो म्हणेल, सगळे सारखेच. तिजोरीवर डल्ला मारणारा आणि पुडिंगला बोट लावणारा, दोघेही त्याच्या लेखी एकाच पंक्तीला बसतात. खऱ्या चोराला याहून सोयीचे दुसरे काय असणार?

आता तो पहिला मुद्दा, हा सारा अमेरिकन थिल्लरपणा असल्याचा. तेथील कायदाच असा आहे की, उमेदवाराने स्वतः दिलेल्या जाहिरातीत वाहिनीला काटछाट करता येत नाही. इतर गटांच्या जाहिराती नाकारता येतात, परंतु त्या फारशा नाकारल्या जात नाहीत. २००२ च्या कायद्याने उमेदवाराला स्वतःच्या मुखाने 'हा संदेश मला मान्य आहे' असे सांगण्याचे बंधन आले. बाहेरच्या गटांना ते बंधन नाही, त्यामुळे ओंगळ काम त्यांच्याकडे सोपवले जाते. शिशुपालाने श्रीकृष्णाला शिव्या दिल्या, पण निदान भर सभेत, स्वतः उभे राहून दिल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी 'मराठा'तून प्रतिपक्षावर जे आसूड ओढले, त्यातले काही आज वाचतानाही अंगावर येतात. परंतु आसूड कोणाच्या हातात आहे हे वाचकाला ठाऊक असे आणि त्याचे परिणाम भोगायला अत्रे तयार असत.

आपल्याकडे १९९४ च्या केबल नियमांनी पूर्णतः वा मुख्यतः राजकीय स्वरूपाच्या जाहिरातींना दूरचित्रवाणीवर मज्जाव केला होता. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत हा प्रश्न न्यायालयात गेला आणि १३ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला : जाहिरात दाखवा, पण आधी निवडणूक आयोगाच्या व्यवस्थेकडून प्रमाणित करून घ्या. त्यामुळे आपल्या वाहिन्यांवर मेंढ्या रांगल्या नाहीत. विडंबन मात्र आले. २००९ मध्ये काँग्रेसने 'जय हो' या गाण्याचे हक्क घेतले आणि भारतीय जनता पक्षाने 'भय हो' असे त्याचे विडंबन केले. लोकांनी त्याची मजा लुटली. काँग्रेसला २०६ जागा मिळाल्या, भाजपला ११६. टाळ्या घेणे आणि मते घेणे यांतले अंतर त्या निवडणुकीत आपल्याच माणसांना मोजावे लागले, हे आडपडदा न ठेवता म्हटले पाहिजे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' या प्रश्नाने भाजपने आघाडी सरकारला धारेवर धरले. मराठी प्रेक्षकाने त्या वाक्याचे काय केले, हे सर्वांना आठवत असेल. चार दिवसांत ते कट्ट्याकट्ट्यावर थट्टेचा विषय झाले. रस्त्यात खड्डा दिसला तरी तेच, भाजी महागली तरी तेच. भाजपला १२२ जागा मिळाल्या. त्यानंतर तोच प्रश्न विरोधकांनी सत्तेवर आलेल्यांना वारंवार परत केला. यात वावगे काहीच नाही. तो प्रश्न मराठीत, उघडपणे, पक्षाच्या नावानिशी विचारला गेला होता. त्याला उत्तर देता येत होते आणि तो उलटवताही येत होता. मेंढीला उत्तर देता येत नाही.

मात्र कुंपण जेथे आहे, तेथून आता कोणी येतच नाही. प्रमाणपत्र लागते ते वाहिनीवरच्या जाहिरातीला. २०१३ पासून समाजमाध्यमांवरील पक्षांच्या व उमेदवारांच्या जाहिरातींनाही ते लागू झाले. परंतु मोबाईलवर येणारी निनावी चित्रफीत ही कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच नसते. ती मेहुण्याने पाठवलेली असते, सोसायटीच्या गटावर आलेली असते आणि पाठवणाऱ्यावरचा विश्वास चित्रफितीला आपोआप चिकटतो. १९९३ मध्ये कॅनेडियन माणसाला रागावून दूरध्वनी करायला निदान पक्षाचे कार्यालय होते. आपण कोणाला दूरध्वनी करणार? मेहुण्याला?

त्यातच यंत्राने बनवलेली दृश्ये आली आहेत. पुडिंगची जाहिरात आली त्याच एप्रिल २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने बायडेन यांच्याविरुद्ध एक चित्रफीत काढली. तैवानवर हल्ला, कोसळलेल्या बँका, ओस पडलेले सॅन फ्रान्सिस्को. सारी दृश्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसे नमूद केले होते, एवढी लाज त्यांनी राखली. आपल्या निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ रोजी पक्षांना सूचना दिली की, असा बनावट मजकूर निदर्शनास आणून दिल्यापासून तीन तासांच्या आत काढून टाकावा. सूचना पक्षांच्या अधिकृत खात्यांना उद्देशून आहे. सोसायटीच्या गटावर आलेली चित्रफीत कोणत्या पक्षाची, हे ठरवायला तेथे कोणीच नसते, आणि ती पाहून हसलेल्या माणसाने तोवर ती आणखी दोन गटांवर पाठवलेली असते.